‘माझा फोटो नको’ म्हणणाऱ्या घरातल्या माणसाचा चांगला फोटो घरच्या घरी कसा काढायचा

प्रत्येक घरात एक माणूस असतोच की मोबाईल वर केला रे केला की तो उठून स्वयंपाकघरात जातो. बहुतेक घरांत आई, कधी मावशी, कधी टक्कल पडायला लागल्यापासून फोटोच्या वेळी बरोबर मागच्या रांगेत जाणारे काका, कधी गालावर पिंपल्स आलेली दहावीतली पुतणी. लग्नाच्या अल्बममध्ये ही माणसं कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी दिसतात. आणि मग साठीशांत येते, पंच्याहत्तरी येते, सहस्रचंद्रदर्शन येतं, पत्रिकेवर नाहीतर हॉलमधल्या बॅनरवर टाकायला फोटो पाहिजे असतो आणि सगळं घर मोबाईल धुंडाळायला लागतं. शेवटी कुठल्यातरी ग्रुप फोटोतून चेहरा कापून घ्यायचा, त्यात शेजारच्याचा कान पण येतो, आणि तो फोटो मोठा केला की फाटतो.

मला हे मनापासून वाईट वाटतं, कारण असा फोटो काढायला ना महागडा कॅमेरा लागतो ना स्टुडिओ. घरातली एक खिडकी, एक खुर्ची, साधा मोबाईल आणि अर्धा तास एवढं पुरतं. पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, की चांगला फोटो यायची सगळी जबाबदारी फोटो काढणाऱ्याची आहे, समोर बसलेल्याची शून्य. ‘तू नीट हसत नाहीस’, ‘तुझा फोटो चांगला येत नाही’ असलं काही आपल्या तोंडून गेलं की संपलं, तो माणूस पुढची पाच वर्षं कॅमेऱ्यासमोर येत नाही.

आधी हे कळू दे की फोटो वाईट का येतो

लाजणाऱ्या माणसाचं म्हणणं असतं ‘मी फोटोत अशी जाड का दिसते’, ‘माझं नाक बघ केवढं’. आणि आपण म्हणतो ‘काहीतरीच, छान दिसतेस’. पण तिचं म्हणणं खरं असतं! फोटोत नाक खरंच मोठं आलेलं असतं, आणि त्यात तिच्या नाकाचा काही संबंध नसतो, मोबाईल किती जवळून धरला त्याचा असतो. जवळून फोटो काढला की कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ जे आहे ते फुगतं, म्हणजे नाक, आणि कान मागे जातात, चेहरा अंड्यासारखा होतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडून एका वैद्यकीय जर्नलमध्ये छापलं होतं, १२ इंचावरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळजवळ ३० टक्के जास्त रुंद दिसतं आणि ५ फुटांवरून काढलं की हा फरक जवळपास नाहीसा होतो. नाकाचं ऑपरेशन करायला येणारे लोक सेल्फी दाखवायचे म्हणून त्यांनी हे शोधलं.

म्हणजे पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय फुकट आहे, मागे सरका. पाच-सहा फूट.

दुसरं कारण आरसा. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटं. भांग डावीकडे, तीळ उजव्या गालावर, जी भुवई जरा वर आहे ती त्या बाजूला, या सगळ्याची डोळ्याला सवय. फोटोत हे सगळं बाजू बदलून येतं आणि आपल्याला काहीतरी वाकडं वाटतं, नक्की काय ते सांगता येत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला यावर प्रयोग झाला होता, बायकांना त्यांचाच फोटो सरळ आणि उलटा असा दोन्ही दाखवला, त्यांना स्वतःला उलटा म्हणजे आरशातला जास्त आवडला आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ. याचा उपयोग आपण शेवटी फोटो दाखवताना करणार आहोत, लक्षात ठेवा.

बोलणी

चोरून काढू नका. चोरून काढलेल्या फोटोत तोंडात घास असतो नाहीतर कपाळावर आठी, आणि वर विश्वास जातो तो वेगळाच. सरळ बोला, आणि करार करा. मी जो करार करतो तो असा, की फोटो काढल्यावर डोळे मिटलेले, हललेले असे फसलेले मी काढून टाकणार आणि उरलेले सगळ्यात आधी तू बघायचे, जो आवडणार नाही तो तुझ्या हाताने डिलीट करायचा, मी का म्हणून विचारणार नाही, आणि तुला विचारल्याशिवाय एकही फोटो फॅमिली ग्रुपवर जाणार नाही. हा करार पाळायचा म्हणजे पूर्ण पाळायचा. मोबाईलमधून डिलीट केलेले फोटो महिनाभर तरी कचरापेटीच्या फोल्डरमध्ये पडून असतात, ते पण तिच्यासमोर रिकामं करा. जिच्या हातात डिलीटचं बटण आहे ती निम्मी निवांत होते, आणि खरं सांगायचं तर मग फारसे डिलीट होतही नाहीत.

वेळ तिने ठरवायची. आईला सकाळी कुकरच्या शिट्ट्या चालू असताना बसवलंत तर तिचं लक्ष गॅसवरच असणार. अंघोळ, पूजा, नाश्ता उरकून नऊ ते साडेदहा, किंवा दुपारची झोप आणि चहा झाल्यावर चार ते साडेपाच, या वेळा उजेडाला पण बऱ्या. बाकीच्या घरच्यांना बाहेर काढा, खरंच. नवरा, मुलं, शेजारच्या काकू मागे उभं राहून ‘अगं हस की’, ‘पदर नीट कर’ करायला लागले की चेहरा बंद होतो.

कपडे पण तिनेच ठरवायचे, फक्त दोन गोष्टी सुचवा. एक, जी साडी किंवा ड्रेस घालून ती घरात सहज वावरते तोच घाल, लग्नातला शालू नको, त्यात माणूस आखडतो आणि जरीचे काठ चकाकतात. दुसरं, फार बारीक चौकड्या किंवा बारीक रेषा असलेलं नको, मोबाईलच्या फोटोत तिथे विचित्र लाटा दिसतात. एखादी मऊ झालेली इरकल, सुती कुडता, बाबांचा रोजचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट इस्त्री करून, एवढं मस्त दिसतं.

उजेड, इथे जास्त वेळ घालवा

फोटोचं निम्मं काम इथे होतं त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

पहिलं काम, घरातले सगळे दिवे बंद करा. ट्यूब, एलईडी बल्ब, देवघरातली माळ, सगळं. डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि हनुवटीखाली सावली, म्हणजे जे लपवायचं तेच उठून दिसतं. शिवाय खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही एकदम चेहऱ्यावर पडले की एक गाल आजारी दिसतो. मग घरात फिरून बघा की कुठल्या खिडकीतून किंवा गॅलरीच्या दारातून उजेड येतोय पण थेट ऊन येत नाहीये. तुमचा स्वतःचा तळहात धरून बघा तिथे, हातावरच्या सावल्या मऊ आहेत का धारदार ते लगेच कळतं.

उत्तरेची खिडकी असेल तर नशीबवान आहात, जुने फोटो स्टुडिओवाले मुद्दाम उत्तरेकडून काचा ठेवायचे ते यासाठीच, दिवसभर ऊन न येता नुसता आकाशाचा उजेड मिळतो. पुण्यात याला एक अपवाद आहे, साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी आपल्या डोक्याच्या जरा उत्तरेला असतो, म्हणजे दोन शून्य सावली दिवसांच्या (सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसांच्या) मधला काळ, तेव्हा सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत पण ऊन घुसतं. उलट डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला खाली गेलेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत येतं. आणि पावसाळा? जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही म्हणून आपण वैतागतो, पण पोर्ट्रेटसाठी याहून चांगला उजेड नाही, सगळं आकाशच एक मोठा मऊ दिवा झालेलं असतं आणि कुठल्याही खिडकीत बसवलं तरी चालतं. गणपतीच्या आधीचे दिवस, जेव्हा घर आवरलेलं असतं पण पाहुणे आलेले नसतात, ते मला सगळ्यात आवडतात.

थेट ऊन येतच असेल तर खिडकीला पांढरं धोतर, पातळ पांढरी ओढणी किंवा जुनी पांढरी चादर लावा, ग्रिलला चिमट्याने अडकवली की झालं. ऊन चाळून येतं आणि सेफ्टी ग्रिलच्या चौकटी चेहऱ्यावर पडत नाहीत. रंगीत पडदा मात्र पूर्ण बाजूला करा, केशरी पडद्यातून आलेला उजेड चेहरा केशरी करतो. आणि अजून एक, जे आपल्या सोसायट्यांमध्ये हमखास होतं, समोरची बिल्डिंग अगदी जवळ असेल आणि तिच्या पिस्ता किंवा विटकरी भिंतीवर ऊन पडलेलं असेल तर तो रंग उडी मारून तुमच्या खोलीत येतो. तुमच्या डोळ्याला जाणवत नाही, फोटोत गाल हिरवट दिसतो. अशा वेळी दुसरी खिडकी धरा किंवा ऊन समोरच्या भिंतीवरून सरकेपर्यंत थांबा.

पेठेतल्या जुन्या वाड्यात राहात असाल तर खोल्या अंधाऱ्या असतात, तिथे आत धडपडू नका. चौकाच्या कडेला, ओसरीवर, पागोळीच्या आत दोन-तीन फूट बसवा, तोंड उघड्या आकाशाकडे. इतका देखणा उजेड फ्लॅटमध्ये मिळत नाही. फ्लॅटवाल्यांनी गॅलरीत न बसवता गॅलरीच्या दाराच्या आत एक पाऊल बसवा, वरून येणारा उजेड कापला जातो आणि समोरून येणारा राहतो.

आता माणूस कसा बसवायचा. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर खुर्ची, खुर्चीचं तोंड साधारण तिरकं खिडकीकडे, म्हणजे एका गालावर उजेड जास्त आणि दुसऱ्यावर थोडा कमी. खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा पडतो. ज्यांना सुरकुत्यांची काळजी आहे त्यांना खिडकीकडे जास्त तोंड करून बसवा, उजेड जितका समोरून तितक्या सुरकुत्या कमी, जितका बाजूने तितक्या जास्त. ज्यांना चेहरा गोल वाटतो त्यांना उलट, जरा बाजूने उजेड द्या, एक गाल सावलीत गेला की चेहरा निमुळता दिसतो. एकाच खिडकीत खुर्ची नुसती थोडी फिरवून दोन्ही होतं.

सावलीचा गाल फारच काळा पडत असेल तर त्या बाजूला काहीतरी पांढरं धरा. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मोठी पांढरी कार्डशीट मिळते ती घ्या, नाहीतर दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाका. आणि मांडीवर एक पांढरा टॉवेल घडी करून ठेवायला सांगा, फ्रेमच्या खाली, फोटोत दिसणार नाही असा. हा टॉवेल म्हणजे जादू आहे, खालून हलका उजेड हनुवटीवर आणि डोळ्यांखाली पडतो, आणि लाल साडी असेल तर तिचा लाल रंग गळ्यावर चढत नाही.

शेवटी डोळ्यात बघा. बुबुळात खिडकीचा छोटा पांढरा चौकोन चमकताना दिसला पाहिजे. दिसला तर उजेड बरोबर, नाही दिसला तर तिला हनुवटी किंचित वर नाहीतर खुर्ची खिडकीकडे जरा फिरव म्हणा.

मागे काय आहे तेही एकदा बघून घ्या. कॅलेंडर, फ्रीज, चार्जरच्या वायरी, डोक्यातून उगवलेला फॅन, हे हलवायला दोन मिनिटं लागतात. साधी भिंत असेल तर माणसाला भिंतीला चिकटवू नका, चार-पाच फूट पुढे आणा.

मोबाईलची सेटिंग्ज

लेन्स पुसा. हसू नका, दिवसभर हातात, खिशात, स्वयंपाकघरात असलेल्या मोबाईलच्या लेन्सवर तेलकट थर असतोच आणि मग फोटो धुरकट येतो. सुती रुमालाने पुसा.

मग ब्यूटी मोड किंवा फेस रिटच जे काही असेल ते शून्यावर आणा, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासूनच चालू असतं. त्याने चेहरा मेणाचा होतो, वर रंग गोरा करतो. सत्तरीच्या माणसाच्या गालावर एकही रेष नाही असा फोटो बघून त्यालाच परकं वाटतं.

मोबाईलला दोन एक्स किंवा तीन एक्सची झूम लेन्स असेल तर ती वापरा आणि पाच-सहा फुटांवर उभे राहा. नुसतीच एक एक्सची लेन्स असेल तरी पाच फुटांवरूनच काढा आणि नंतर क्रॉप करा, जवळ जाऊ नका. पॉइंट फाइव्ह वाली वाइड लेन्स तर अजिबातच नको. पोर्ट्रेट मोड वापरायचा असेल तर वापरा पण धूसरपणा कमी ठेवा, गजरा, कानातले वेल, चष्म्याची काडी, उडणारे केस इथे तो हमखास चुकतो आणि अर्धा कान गायब होतो. मी दोन-चार पोर्ट्रेट मोडमध्ये आणि बाकी साध्या मोडमध्ये काढतो.

चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. मागे पांढरी भिंत असेल तर मोबाईल चेहरा काळा करतो, थोडं वाढवा. मागे काळोख असेल तर चेहरा पांढराफटक होतो, थोडं कमी करा. सावळ्या चेहऱ्याचा खरा रंग, त्याची चमक, हे जपायचं असेल तर उगाच उजळ करायचं नाही, गालावरचा उजेडाचा भाग पांढरा फुटू द्यायचा नाही. क्लिक व्हॉल्यूमच्या बटणाने करा, हात हलत नाही, आणि क्लिकचा आवाज बंद ठेवा.

कॅमेरा असेल तर ५० एमएम १.८ ही साधी लेन्स छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पोर्ट्रेटला उत्तम, अ‍ॅपर्चर (लेन्स किती उघडी ते) २.८ ते ४, शटर १/१२५ सेकंदापेक्षा संथ नको, नाहीतर फोटो हलतो, आणि आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो ते) लागेल तेवढा वाढवा. मोठा कॅमेरा बघून माणूस बावरत असेल तर सरळ मोबाईल घ्या.

बसवायचं कसं

सोफा नको, त्यात माणूस रुततो, पोट पुढे येतं आणि मान खांद्यात जाते. हात नसलेली लाकडी खुर्ची किंवा डायनिंगचं स्टूल घ्या आणि पुढच्या कडेवर बसायला सांगा. पाठ आपोआप सरळ होते, ‘ताठ बस’ म्हणावं लागत नाही. अंग खिडकीकडे तिरकं, तोंड तुमच्याकडे. सरळ समोर तोंड करून बसलं की खांदे रुंद दिसतात आणि आधार कार्डाचा फोटो होतो.

हात अंगाला चिकटलेले नकोत, दंड आणि कंबर यांच्यामध्ये थोडी फट दिसू दे. चिकटला की दंड दाबला जातो आणि दुप्पट दिसतो. हे तिला समजवत बसू नका, नुसतं ‘कोपर जरा मागे घे’ म्हणा.

डबल चिनची तक्रार सगळ्यात जास्त. माणूस कॅमेरा बघून मान मागे खेचतो आणि तीच हनुवटीखालची घडी तयार करते. उपाय असा, कपाळ किंचित कॅमेऱ्याकडे पुढे आणायचं आणि मग हनुवटी केसभर खाली. करताना फार विचित्र वाटतं, बाजूने बघितलं तर कासवासारखं दिसतं, पण समोरून जबड्याची रेष एकदम स्पष्ट येते. तोंडाने सांगण्यापेक्षा तुम्ही स्वतः समोर बसून करून दाखवा, तिला हसू येईल आणि ती पण करेल. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा दोन-तीन बोटं वर, याहून वर नको, खालून तर कधीच नको. म्हणजे ती स्टुलावर बसली असेल तर तुम्हाला पण बसावं लागेल किंवा गुडघे वाकवावे लागतील.

सांगताना एक नियम पाळा, काय करायचं तेवढंच सांगायचं, काय वाईट दिसतंय ते सांगायचं नाही. ‘पोट आत घे’ च्या ऐवजी ‘एक मोठा श्वास घे आणि सोड’. ‘डोळे बारीक करू नकोस’ च्या ऐवजी ‘डोळे मीट, मी तीन म्हटलं की उघड’. हे डोळे मिटून उघडणं जे सतत डोळे मिचकावतात त्यांच्यासाठी फारच उपयोगी. आणि मधून मधून ‘हा छान आला’ म्हणा, पण खरंच आला असेल तेव्हाच, लाजऱ्या माणसांना खोटं कौतुक लगेच कळतं.

हाताला काम आणि तोंडाला विषय

माझी एक आत्या सहकारनगरला राहते, तिच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. हसायला लागली की उजवा तळहात तोंडावर, लहानपणापासूनची सवय. तिचे जेवढे फोटो आहेत त्यात एकतर तोंड घट्ट मिटलेलं नाहीतर हात. तिला हात खाली घे म्हणून काही उपयोग नव्हता. थंडीचे दिवस होते, मंडईतून मटार आणलेले होते, तिला गॅलरीच्या दाराशी स्टुलावर बसवलं, मांडीवर परात आणि पिशवी शेजारी. दोन्ही हात शेंगांमध्ये गुंतले. स्टीलच्या परातीतून उजेड वर हनुवटीवर येत होता, टॉवेलची पण गरज पडली नाही. पहिली दहा मिनिटं मी फोटो काढलेच नाहीत, मोबाईल हातात धरून नुसता बोलत बसलो म्हणजे मोबाईलची सवय व्हावी. मग म्हटलं, ‘आत्या, गोड्या मसाल्यात दगडफूल नसलं तरी चालतं ना गं?’

‘कोण म्हणालं तुला?’ ती एकदम मान वर करून म्हणाली. ‘दगडफुलाशिवाय कसला गोडा मसाला! तुझ्या आईने सांगितलं की काय?’ आणि आईचं नाव घेतल्यावर स्वतःच हसली, दोन दातांतली फट, गालावर खळी, बोटांत सोललेली शेंग आणि एक दाणा परातीबाहेर उडालेला. हात शेंगांनी भरलेले होते म्हणून तोंडावर गेलेच नाहीत.

हे मी आता सगळ्यांवर वापरतो. माणसाला ज्यातलं सगळं कळतं त्यातलं काहीतरी जरासं चुकीचं बोलायचं. बाबांसमोर क्रिकेटमधलं, काकांसमोर स्कूटरच्या कार्बोरेटरमधलं, आजीसमोर मोदकाच्या उकडीतलं. पुणेकर माणूस चूक दुरुस्त केल्याशिवाय राहूच शकत नाही, डोळे चमकतात, मान पुढे येते, हात हलतात, आणि कॅमेरा विसरला जातो. ‘हस’ म्हटल्यावर येणारं हसू फक्त ओठांचं असतं. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळला जातो आणि तो बहुतेकांना मनात आलं म्हणून आवळता येत नाही, ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे १८६२ मध्येच लिहून ठेवलंय.

कामं बरीच आहेत, वाती वळणं, लसूण सोलणं, गजरा ओवणं, पेपरातलं शब्दकोडं, चष्मा पुसणं, चहाचा कप दोन्ही हातांत धरणं. फ्रेममध्ये काम दिसायलाच पाहिजे असं नाही, खांद्यापासून वरच फोटो घेतलात तरी हात गुंतलेले असले की चेहरा सैल राहतो.

बर्स्ट म्हणजे लागोपाठ बरेच फोटो घ्या, हसणं चालू असताना नाही तर हसून संपता संपता. जोरात हसताना डोळे मिटतात, तोंड वाकडं होतं. हसणं ओसरल्यावर अर्धा-एक सेकंद चेहऱ्यावर जे राहतं तो फोटो. आणि ‘झालं, संपलं’ असं म्हणून मोबाईल थोडा खाली घ्या, तिथे खांदे पडतात, ‘हुश्श’ होतं, त्याच क्षणी अजून दोन-तीन घ्या. करारात बसतं हे, कारण ते फोटो पण ती बघणारच आहे. एकूण वीस मिनिटांच्या वर ताणू नका.

नेहमीच्या तक्रारी

चष्म्यावर खिडकी चमकते: चष्म्याच्या काड्या कानावरून जरा वर उचला म्हणजे काचा थोड्या खाली झुकतात, किंवा खुर्ची थोडी फिरवा. चष्मा काढायला सांगू नका, रोज घालणारा माणूस चष्म्याशिवाय ओळखू येत नाही आणि नाकावर खुणा दिसतात.

टक्कल चमकतं: रुमालाने टिपा, हवी तर किंचित पावडर, आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवरच ठेवा.

कवळी असलेले आजोबा ओठ आवळून बसतात, त्यांना उघडं हसू नकोच असेल तर नको. गप्प बसलेला, खिडकीबाहेर बघणारा चेहरा फार सुंदर येतो. सगळ्यांनी हसलंच पाहिजे असं कुठे आहे.

पिंपल्सवाली मुलं: जास्तीत जास्त समोरून उजेड, बाजूने नको. आणि आधीच सांगून टाका की पिंपल्स नंतर काढता येतात, ती मोकळी होतात.

दाखवायचे कसे आणि एडिट किती करायचं

काढलेले सगळे फोटो लगेच दाखवू नका, आधी तुम्ही डोळे मिटलेले, हललेले, तोंड अर्धवट उघडं असलेले काढून टाका आणि पाच-सहाच ठेवा. मग मोबाईल तिच्या हातात न देता शक्य असेल तर लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर, चार फुटांवरून दाखवा. मोबाईल हातात दिला की पहिल्यांदा दोन बोटांनी झूम करून डोळ्यांखालच्या सुरकुत्या बघितल्या जातात, अख्खा चेहरा बघितलाच जात नाही.

आता ती आरशाची गोष्ट. एडिटमध्ये फ्लिप असतं, प्रत्येक फोटोची एक उलटी कॉपी करा आणि आधी ती दाखवा. ‘हा बरा आहे’ ऐकू येण्याची शक्यता खूप वाढते. मग सरळ दाखवा आणि सांगा की आम्ही तुला अशी बघतो रोज. छापायला मात्र सरळच वापरा, उलट्या फोटोत पदर उजव्या खांद्यावर जातो, मंगळागौरीच्या बायकांच्या नजरेतून ते सुटत नाही.

एडिटिंगमध्ये माझा नियम साधा आहे, जे दोन आठवड्यांत जाणार आहे ते काढायचं, जे त्या माणसाचं आहे ते ठेवायचं. पिंपल, डास चावलेलं, दाढी करताना कापलेलं, हे काढा. तीळ, सुरकुत्या, जुना व्रण, दातातली फट ठेवा. डोळ्यांखालचं काळं थोडं हलकं करा पण पुसू नका. रंग गोरा करू नका. हे मी फार कळकळीने सांगतोय, आपल्याकडे स्टुडिओवाले वर्षानुवर्षं न विचारता रंग उजळून देत आले, आणि फोटोतला आपला रंग बदललेला बघून माणसाला एकच कळतं की आहे तो रंग चालत नव्हता. उजेड नीट धरलात तर सावळा चेहरा जसा आहे तसाच देखणा येतो.

बाकी थोडं क्रॉप, पिवळेपणा-निळेपणा दुरुस्त, बास. क्रॉप करताना मनगटावर, बोटांवर, हनुवटीवर कापू नका, दंडाच्या मध्यावर किंवा कमरेच्या वर कापा.

एकही आवडला नाही म्हणाली तर? डिलीट करा, सगळे. वाद घालायचा नाही. पंधरा दिवसांनी परत विचारा. करार पाळलेला असतो म्हणून दुसऱ्या वेळी बहुतेक जण तयार होतात.

छापताना

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, प्रिंटवाल्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. ५ बाय ७ इंचाच्या चांगल्या प्रिंटला साधारण १५०० बाय २१०० पिक्सेल लागतात, ८ बाय १० ला २४०० बाय ३०००, त्यामुळे क्रॉप करताना फार कापत जाऊ नका. कागद मॅट सांगा, ग्लॉसी फोटो ट्यूबच्या उजेडात चमकतो आणि बोटांचे ठसे उमटतात. प्रिंटवाल्याला ‘स्किन उजळ करू नका, आहे तसाच द्या’ हे आधीच बजावून सांगा. आणि मूळ फाइल, न कापलेली, दोन ठिकाणी ठेवा, नावात माणसाचं नातं आणि वर्ष टाकून, म्हणजे पुढच्या कार्यक्रमाला ती कुणालाही सापडेल.